बाहेरच्या गाठी

१

ब्रेंडा रिडली सकाळी उठली की आधी सुईत दोरा ओवायची आणि मग चहा ठेवायची. चहाच्या वाफेने डोळे ओलावतात आणि नेढं सापडत नाही, असं तिचं म्हणणं होतं. उत्तर इंग्लंडातल्या हेक्सम गावच्या एका दुकानात लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. दुकान सुटलं तेव्हा आता पुन्हा सुईचं तोंड बघायचं नाही, असं तिने ठरवलंही होतं. पण नवरा नावाच्या माणसाला रिकामपणी काय सुचेल याचा नेम नसतो. गॉर्डन बसच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि रोमन झाला.

त्यातही साधासुधा रोमन नाही. लाल झगा, डोक्यावर तुरा, उघड्या पिंढऱ्या हे सगळं शाळेच्या पुस्तकातलं. जुन्या काळातले सैनिक हौसेने उभे करणारं गॉर्डनचं पथक रोमच्या पडत्या काळातलं होतं. लांब बाह्यांचे लोकरी अंगरखे, घट्ट विजारी, रुंद कमरपट्टे आणि नमद्याच्या बसक्या टोप्या. उन्हाळ्यात रोमनांनी बांधलेल्या लांबलचक दगडी भिंतीजवळच्या जुन्या किल्ल्यावर ते तंबू ठोकायचे आणि बघायला आलेली माणसं न चुकता विचारायची, "तुम्ही व्हायकिंग का?" तेवढ्याने ट्रेव्हर डॉड्सचा दिवस वाया जायचा.

हा ट्रेव्हर आधी गणिताचा मास्तर होता आणि सगळे त्याला अजून मास्तरच म्हणत. पाठीमागे मात्र त्याला टाकेमोज्या म्हणत. कोणाच्या अंगावर काय अस्सल आहे आणि काय नाही, हे तपासणं त्याच्याकडे होतं. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा राहिला तरी तो नाक मुरडायचा.

गेल्या हिवाळ्यात गॉर्डनच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी हृदयात जाळी बसवली आणि सांगितलं की ढाल उचलायची नाही, पळायचं नाही. गॉर्डन घरी आला आणि खिडकीशी बसून राहिला. समोरच्या माळावरच्या मेंढ्या बघायचा, त्यांच्याबद्दलही काही बोलायचा नाही. ब्रेंडाला त्याच्या दुखण्यापेक्षा त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटायची.

मग एक दिवस मास्तर आला आणि म्हणाला, "ऑगस्टच्या खेळात आपण एका सैनिकाची अंत्ययात्रा दाखवू. गॉर्डन, तू प्रेत हो."

गॉर्डनने खिडकीतून मान वळवली. "संवाद किती?"

"एकही नाही. आडवं पडायचं."

"जन्मभर बसून पगार खाल्ला, आता झोपून," गॉर्डन म्हणाला, आणि कित्येक आठवड्यांनी हसला.

ब्रेंडाला ते मुळीच रुचलं नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाने मेल्याचं सोंग घ्यायचं, हा काय खेळ झाला? तिने तसं म्हटलंही. "बयो, सराव असलेला बरा," असं गॉर्डन म्हणाला, तेव्हा जेवणापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. पण त्याच्या तोंडावर रंग आला होता. तो हातात कानस घेऊन अंगणात पितळेची बकलं घासायला बसू लागला होता. तिने मनातलं गिळलं आणि नव्या अंगरख्याचं काम अंगावर घेतलं.

२

जुने पोशाख बनवण्याच्या या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. जुन्या कपड्यांचे जेवढे नमुने आपल्याकडे आहेत, ते जवळपास सगळे मेलेल्यांच्या अंगावरचे आहेत. जिवंत माणसांचे कपडे विरले, फाटले, पोतेरं झाले. जे पुरले गेले तेवढेच टिकले.

मास्तरने निवडलेला अंगरखा असाच कुठल्याशा वाळवंटातल्या थडग्यातून निघालेला होता आणि शहरातल्या एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ट्रेमध्ये पडून होता. तिथल्या फिलिपा नावाच्या बाईने कागद बाजूला केला. कधीकाळी पांढरा असलेला, आता चहाच्या डागासारखा झालेला लोकरी कपडा. खांद्यांवर जांभळ्या नक्षीचे गोल तुकडे. काखेत, रिवाजाप्रमाणे, शिवण न घालता सोडलेल्या फटी. पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली बशीच्या बुडाएवढं रफू.

ब्रेंडाने भिंग लावलं आणि बराच वेळ हटवलं नाही.

"हे उलटं केलंय," ती म्हणाली.

"उलटं म्हणजे?" मास्तरने विचारलं.

"रफू करताना कपडा उलटा करतात. टोकं, गाठी सगळं आत राहतं. इथे सगळ्या गाठी बाहेर आहेत. आणि शेवटचा दोरा तोडलेलाच नाही, हा बघा, तसाच लोंबतोय."

"अडाणी असेल बाई."

"अडाणी बाईचा टाका असा पडत नाही, मास्तर. डावखुरी आहे, पण हात देवाने दिलेला आहे. हिला घाई झाली असेल किंवा कोणीतरी उठवलं असेल."

फिलिपा म्हणाली, "त्या दोऱ्याला आम्ही कोणीच हात लावत नाही. का ते विचारू नका, पद्धतच पडलीय."

"मग आपणही तसंच ठेवायचं," मास्तर म्हणाला. "गाठी बाहेर, दोरा लोंबता."

"भोक नसताना रफू करू?"

"अस्सल म्हणजे अस्सल."

ब्रेंडाने फोनवर फोटो काढले. घरी येताना बसमध्ये तिला सारखं वाटत होतं की आपण गॅस चालू ठेवून आलो आहोत. घरी आल्यावर बघितलं, गॅस बंद होता. तरी ते वाटणं काही गेलं नाही.

३

अंगरखा छान उतरला. कापड विणून आलं होतं, गोल तुकडे तिने स्वतः केले, कडा हाताने मुडपल्या. रफू शेवटी ठेवलं होतं. ते टाळत होती म्हटलं तरी चालेल.

धडधाकट कपड्यावर रफू करणं म्हणजे चांगल्या पायाला पट्टी बांधण्यासारखं. सुई घालायची जागाच सापडत नव्हती. उजव्या हाताने टाक्यांचा कल चुकत होता, म्हणून तिने सुई डाव्या हातात घेतली. सुरुवातीला बोटं अडखळली, मग सरावली, मग इतकी सराईत चालू लागली की ब्रेंडाला स्वतःचं कौतुक वाटलं. लोकरीतून दोरा ओढला जाताना सुर्र असा बारीक आवाज येत होता. काम संपलं तेव्हा तिने सवयीने कात्री उचलली आणि आठवण होऊन परत ठेवली. दोरा लोंबता राहिला. अंगरखा तिने मागच्या खोलीत शिंपीकामाच्या पुतळ्यावर चढवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी चहाआधी ती बघायला गेली तर रफूत एक ओळ जास्त होती.

तिने फोटोशी ताडून बघितलं. मोजण्यात चूक झाली असेल. तिने ती ओळ उसवली. त्याच्या पुढच्या दिवशी ओळ परत तिथे होती, आणि तिच्या शेजारी आणखी एक. या खेपेला तिने उसवली नाही. तिला खुपलं ते वेगळंच. नव्या ओळी आल्या होत्या, पण लोंबणारा दोरा आखूड झाला नव्हता. तो होता तेवढाच होता.

"मी रात्री उठते का रे?" तिने गॉर्डनला नाश्त्याच्या वेळी विचारलं.

"तू घोरतेस. उठलीस तर मला जरा झोप लागेल."

"थट्टा नको."

"बयो, तू झोपेत शिवत असशील. जन्मभर तेच केलंस. मी नाही का झोपेत ब्रेक दाबत?"

हे तिला पटलं, म्हणजे तिने पटवून घेतलं. डाव्या हाताची बोटं तिने खिडकीपाशी धरून बघितली. त्यांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या. पण त्या पहिल्या दिवसाच्याही असू शकत होत्या.

४

अंगरखा मापाला लावून बघायच्या दिवशी गॉर्डन आरशासमोर उभा राहून पोट आत ओढत होता.

"प्रेताला पोट चालतं का, विचार मास्तरला."

"नीट उभा राहा."

"पाठीत टोचतंय काहीतरी."

ब्रेंडाने काखेच्या फटीतून हात आत घातला आणि रफूच्या आतल्या बाजूला तळवा फिरवला. आत सगळं गुळगुळीत होतं. गॉर्डनची पाठ गरम होती. बाहेरून बोट लावलं की मात्र गाठी हाताला लागत होत्या, बारीक, कडक.

"अंगावर आहे तोवर एक टाका घाल ना तिथे, बसेल खाली," गॉर्डन म्हणाला.

"अंगावर मी शिवत नाही." ती इतकं तुटक बोलली की त्याने वळून बघितलं. ब्रेंडाच्या आईने शाळेला उशीर झाला तरी कधी अंगातल्या कपड्याचं बटण लावून दिलं नव्हतं. आधी काढ, मग शिवते. का, ते आईने सांगितलं नाही आणि ब्रेंडाने विचारलं नाही. पण पडद्यांच्या दुकानातही ती तो नेम पाळत आली होती.

गॉर्डनने अंगरखा काढून दिला आणि तो चहा ठेवायला गेला. तिने कपडा पुतळ्यावर चढवला. लोंबणारा दोरा डोळ्यांपुढे हलत होता. मास्तर गेला खड्ड्यात, असं म्हणून तिने कात्री घेतली आणि दोरा कापला.

स्वयंपाकघरात कप फुटला.

ती धावत गेली. गॉर्डन ओट्याला धरून वाकला होता, तोंड पांढरं पडलं होतं. "चावलं काहीतरी," तो म्हणाला. "पाठीत. चावून सोडलं." तिने सदरा वर केला. डाव्या फऱ्याखाली एक लाल ठिपका होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि हृदय उत्तम चाललंय असं सांगितलं. माशी असेल, म्हणाले. परत आल्यावर ब्रेंडा कोटसुद्धा न काढता मागच्या खोलीत गेली. कापलेला तुकडा जमिनीवर होता. रफूला दोरा लोंबत होता, आधी होता तेवढाच.

त्यानंतर तो कापायची किंवा कपडा जाळायची तिची हिंमत झाली नाही.

५

उलगडा झाला तो सोफ्यामुळे. बैठकीच्या सोफ्याच्या पाठीला चीर पडली होती. त्याचं कापड खिळ्यांनी ठोकलेलं, काढता येत नाही. ब्रेंडा गुडघ्यांवर बसली, चीर शिवत गेली, शेवटी गाठ मारली आणि तिचा हात तिथेच थांबला.

गाठ बाहेर होती. बाहेरच राहणार होती. आत काहीतरी असलं आणि कपडा त्याच्यावरून काढता येत नसला, तर गाठी बाहेरच राहतात.

ती तिथेच जमिनीवर बसली. त्या बाईने उलटं काही केलं नव्हतं. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. माणूस पालथा पडला असणार, पाठीत काहीतरी घुसलं असणार, आणि भोक पडलेल्या कपड्यात त्याला कसा पाठवायचा म्हणून ती त्याच्या अंगावरच रफू करत बसली. मग लोक त्याला उचलायला आले. शेवटचा दोरा तोडायचा राहून गेला.

ब्रेंडाला रडू आलं. तिला त्या बाईची दया आली, हे अगदी खरं. आणि त्याच वेळी अंगावर काटा आला, कारण आपण काय केलं ते तिला कळलं. त्या बाईचं अर्धवट राहिलेलं काम आपण हुबेहूब उतरवून घरात आणलं आणि आपल्या नवऱ्याच्या मापाचं केलं.

तिने त्याच दुपारी अंगरखा पुतळ्यावरून काढून जिन्याखालच्या ट्रंकेत घातला आणि कुलूप लावलं. संध्याकाळी गॉर्डन अंगणातून आत आला, बागकामाचा जुना स्वेटर खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, "झकास झालंय. तुला दिसलं तरी कधी?"

"काय?"

"मागचं भोक."

त्या स्वेटरला भोक नव्हतं. ब्रेंडाने तो उलटसुलट करून बघितला. पाठीवर, डाव्या फऱ्याच्या जागी, रफूच्या पहिल्या दोन ओळी घातलेल्या होत्या. गाठी बाहेर होत्या.

"हा तू दिवसभर अंगात घालून होतास?" तिने विचारलं.

"सकाळपासून. का?"

६

तिने अंगरखा परत बाहेर काढला. कपड्यावर काम चालू आहे तोवर माणसावर चालणार नाही, एवढाच हिशोब तिला सुचला. तो पुतळ्यावर गेला, तशी गॉर्डनच्या कपड्यांवर नवी ओळ दिसली नाही. ती रोज बघत होती. तो अंघोळीला गेला की त्याचे सदरे उजेडात धरायची. जेवणात तिचं लक्ष नव्हतं, एका जागी बसवत नव्हतं, बसली की पाठीत काही आहे असं वाटून उठायची.

खेळ दोन-तीन दिवसांवर आला होता. त्या दिवशी चार वाजता ती दोन कप घेऊन ओसरीतून चालली होती. मागच्या अंगणात गॉर्डनची कानस चालू होती, खर्र, खर्र. दोन घासण्यांच्या मध्ये तिला दुसरा आवाज ऐकू आला. सुर्र.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. पुतळ्याची पाठ पलीकडे होती आणि त्याच्यामागे जमिनीवर कोणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. ब्रेंडाला दिसले ते दोन गुडघे, खरबरीत, मातीने भरलेले. एक डावं कोपर पुतळ्याच्या कडेने मागे यायचं, आत जायचं, मागे यायचं. मग ते थांबलं. पांढरा भांग असलेलं एक डोकं वाकलं आणि गाल कपड्याला लागला. शिवणारी कुठलीही बाई जे करते तेच ती करत होती. दाताने दोरा तोडायला बघत होती. दात लागायचे, सुटायचे, परत लागायचे. दोरा तुटत नव्हता. कपड्यात कोणी नव्हतं, म्हणून काम पुरं होत नसावं.

अंगणातली कानस थांबली. ते डोकं वर उठलं आणि अंगणाच्या दिशेला वळून ऐकू लागलं.

ब्रेंडाने कप तिथेच जमिनीवर ठेवले. तो नाही, ती म्हणाली, मोठ्याने की मनात ते तिला नंतर आठवलं नाही. तो नाही.

कानस परत सुरू झाली. पुतळ्यामागे ऊन तेवढं होतं. तिने जवळ जाऊन दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. ते ओलं होतं.

७

"या वर्षी नको जाऊस," तिने त्या संध्याकाळी गॉर्डनला सांगितलं. जमेल तेवढं सगळंच सांगितलं. तो हसला नाही. तिचा हात धरून बसला.

"तू दमलीस, बयो. माझ्या दुखण्याने तुझी झोप गेली. खेळ झाला की समुद्रावर जाऊ चार दिवस."

"मी वेडी नाही रे."

"नाहीस. पण हे एवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस. त्या खिडकीत परत बसवलंस ना, तर मी खरंच मरेन."

ती उठून अंगरख्यावर नजर ठेवायला मागच्या खोलीत गेली.

खेळाच्या दिवशी भिंतीवरून असा वारा सुटला होता की तंबूच्या दोऱ्या गुणगुणत होत्या. तिने अंगरखा नजरेआड होऊ दिला नव्हता. पण मास्तरने तिला पाणी आणायला पाठवलं आणि ती परत आली तेव्हा गॉर्डन तो घालून, स्टॉटी पावाचा शेवटचा घास चघळत, तिरडीच्या फळ्यांवर बसला होता. शेजारी तोंडावर घालायचं कापड पडलं होतं. सरावाच्या वेळी प्रेत सारखं हसत होतं म्हणून मास्तरने चेहरा झाकायचं ठरवलं होतं.

"काढ तो," ब्रेंडा म्हणाली.

"आता? लोक जमलेत."

"गॉर्डन, काढ."

तिच्या आवाजात काही होतं. त्याने मुकाट्याने हात वर केले. अंगरखा अर्धा वर आला आणि अडला. "अडकलंय बघ कुठेतरी," तो म्हणाला. तिने काखेच्या फटीतून हात घातला. आत आता गुळगुळीत नव्हतं. गॉर्डनने मास्तरला चोरून आत गरम बनियन घातला होता, आणि रफूचे टाके त्या बनियनमधून आरपार गेले होते. बनियनच्या पलीकडे त्याची कातडी होती. तिच्या बोटांखालून दोरा हलला. सुर्र.

तिने दोन्ही कपडे एकदम धरले आणि त्याच्या डोक्यावरून ओढून काढले. त्याच्या उघड्या पाठीवर लाल ठिपक्यांची एक सरळ ओळ होती. एकही ठिपका खोल नव्हता.

"थंडीने मारशील मला," गॉर्डन म्हणाला. "आण इकडे तो."

बाहेरून मास्तर ओरडला, "प्रेत तयार आहे का? तुतारी वाजवतो."

"दोन मिनिटं," गॉर्डनने उत्तर दिलं आणि हात पुढे केला. तो ऐकणार नव्हता. आज ऐकलं असतं तरी उद्या स्वेटर होता, परवा सदरा होता. ती बाई त्याला ऐकू लागली होती. तिचं काम कोणाच्या तरी अंगावर पुरं झाल्याशिवाय ती उठणार नव्हती, आणि ब्रेंडाने आजवर कोणाचं काम अर्धं ठेवलं नव्हतं. इतकी वर्षं या माणसाला शब्दाने काही पटलं नाही की ती ते स्वतः करून मोकळी व्हायची. आताही तिने तेच केलं. बनियनचे टाके कात्रीने सोडवले, लोंबता दोरा सांभाळला, आणि अंगरखा स्वतःच्या डोक्यातून घातला.

"अगं, हे काय?"

"मी झोपते. तू तुझा जुना अंगरखा घाल आणि भाला घेऊन माझ्या डोक्याशी उभा राहा. उभं राहायचंच होतं ना तुला?"

"मास्तर फेफरं येऊन पडेल. सैनिकाच्या कपड्यात बाई."

"तोंड झाकलेलं आहे. पायांवर झगा टाक."

गॉर्डनने क्षणभर तिच्याकडे बघितलं, आणि मग त्याचं तोंड असं उजळलं की गेल्या हिवाळ्यापासून ते कधी विझलं होतं यावर विश्वास बसला नसता. "भाला," तो म्हणाला. "बयो, तू ग्रेट आहेस." त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि कापड ओढलं.

तिरडी उचलली गेली, हलली, गवतावर टेकली. कापडातून पांढरा उजेड येत होता. लोक कुजबुजत होते, कोणीतरी व्हायकिंग असं म्हणालं. मास्तर आपल्या शाळेतल्या आवाजात सांगू लागला की पडत्या काळातल्या सैनिकाला त्याच्या नेहमीच्याच अंगरख्यात पुरत. तिच्या डोक्याशी गॉर्डन उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, जरा जोरात, पण सरळ. तो निरोगी माणसासारखा श्वास घेत होता. तिने तेवढंच ऐकायचं ठरवलं.

पाठीखाली फळ्या होत्या आणि फळ्यांखाली जमीन. तिथे कोणाला बसायला जागा नव्हती. तरी सुर्र झालं, डाव्या फऱ्याखाली. मग पुन्हा. दुखत नव्हतं, थंड वाटत होतं. हात चांगला होता. ब्रेंडाला शिवण्यातलं कळत होतं, आणि कोणी इतक्या काळजीने तिच्या मापाचं काही कधी शिवलं नव्हतं. ती हलली नाही. मग हात थांबला. फळ्यांच्या बाजूने पाठीवर श्वास आला आणि दात दोऱ्याला लागले.

दोरा तुटला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलं किल्ल्याच्या दरवाजाकडे पळाली, मास्तर कोणाशी तरी विजारींबद्दल वाद घालू लागला. गॉर्डनने भाला गवतात टोचला, वाकून तिच्या तोंडावरचं कापड उचललं, आणि अजून हसतच होता.

"झालं, बयो. ऊठ. चहा पिऊ."

तिला सगळं नीट ऐकू आलं. गवताचा वास येत होता, त्याच्या टोपीमागे ढग सरकताना दिसत होते. उत्तर द्यायचं अगदी तिच्या ओठांवर होतं, पण ओठ हलत नव्हते.